बोट माझं, धुणं तुमचं

मामी गेल्याची बातमी मला बँकेत समजली. बाजाराचा दिवस होता, काउंटरपुढे रांग लागलेली. शिपायाने येऊन सांगितलं की साहेबांच्या केबिनमध्ये माझ्यासाठी नागपूरचा ट्रंककॉल आहे. फोनवर मामा होते. "मामी गेली गा," ते म्हणाले, "सकाळी सहाले. तू निघ लवकर." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "अन् येताना दोन-चार धुतलेल्या चादरी घेऊन ये. घरात एकही नाही." मला वाटलं, दुःखाने त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. तरी घरी जाऊन कपाटातल्या चार चादरी पिशवीत भरल्या आणि अमरावतीहून मिळेल त्या गाडीने निघालो. संध्याकाळी पोचलो तेव्हा कळलं की मामांचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. मामी दहा दिवस अंथरुणाला खिळून होती. त्यातले सात दिवस घरात, तीन धंतोलीच्या दवाखान्यात. त्या दहा दिवसांत त्या घरात एक रुमालसुद्धा कुणी धुतला नव्हता. मागच्या अंगणात मोरीजवळ कमरेइतका ढीग पडला होता. दवाखान्यात नर्सने बदलायला चादर मागितली तेव्हा घरात सापडली नाही म्हणून बर्डीच्या बाजारातून नवी विकत आणली. दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच असलेल्या त्या करकरीत चादरीवर मामी गेली. जिने तीस वर्षं अर्ध्या विदर्भाच्या चादरी धुतल्या, तिच्याखाली घालायला तिच्या घरात धुतलेली चादर नव्हती... हे मी पाहिलं, आणि तरीही तेरवीला मी जे बोललो ते बोललो.

तेरवीच्या जेवणाआधी कुणीतरी म्हणालं, "तू शिकलेला आहेस, दोन शब्द बोल." मी उभा राहिलो. म्हणालो, मामी म्हणजे मूर्तिमंत सोशिकपणा. तिने आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, कधी तोंडातून कुरकुर काढली नाही. बायांनी पदर डोळ्यांना लावले. नरखेडकडच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "बढिया बोललास." जेवणं झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि परतीच्या गाडीत मला माझीच चीड येऊ लागली. गेले काही आठवडे ती कमी व्हायचं नाव घेत नाही. कारण मी खोटं बोललो होतो. मामीने नाही म्हटलं होतं. एकदाच, पण स्पष्ट, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. तिचं ते नाही बारा दिवस टिकलं. ते मोडलं माझ्यामुळे. हा मजकूर श्रद्धांजली म्हणून लिहीत नाही. तेरवीला जे बोललो ते परत घेण्यासाठी लिहितो आहे.

आमचं गाव काटोलच्या पुढे. वडिलांची थोडी शेती, घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मी चांगल्या मार्कांनी पास झालो तेव्हा आई मला घेऊन नागपूरला तिच्या भावाकडे आली. ओसरीवर बसून भावाशी हवापाण्याचं बोलत राहिली, मुद्द्याचं काही तिच्या तोंडून निघेना. आतून मामी आली, माझ्या हातातली पत्र्याची पेटी घेतली आणि म्हणाली, "काहून उभा आहेस असा? ठेव आत. वरच्या खोलीत विनोदजवळ झोपजो." कुसुममामीने माझं शिक्षण ठरवलं ते असं, दोन वाक्यांत. चार वर्षं मी त्या घरात राहिलो, तिथून पदवीधर झालो, तिथूनच नोकरीला लागलो. माझ्या मुलांच्या अंगावर आज जे कपडे आहेत तेसुद्धा एका अर्थाने तिचेच आहेत, हे मी सगळ्यांना सांगतो. पण कृतज्ञता बोलून दाखवायला काही लागत नाही. वेळेला तोंड उघडायला लागतं. ते मी उघडलं नाही. त्याचीच ही हकिगत आहे.

घर धंतोलीपासून, म्हणजे नागपूरच्या दवाखान्यांच्या वस्तीपासून, चालत दहा मिनिटांवर. घरचे आम्ही सातजण. मामा, मामी, मामांची म्हातारी आई, मामांचा थोरला विनोद आणि त्याचे दोन धाकटे भाऊ, आणि मी. मामा कोराडीला कारकून होते. वीज केंद्र तेव्हा नुकतंच सुरू झालेलं. सकाळी पांढरा शर्ट घालून बसमध्ये बसायचे आणि संध्याकाळी राखेच्या रंगाचा शर्ट घेऊन यायचे. पण सात माणसांच्या धुण्याने मामी हरली नसती. खरं धुणं होतं ते पाहुण्यांचं. आमच्या भागात ज्याचा कुणी ना कुणी नागपुरात आहे, तो पेशंट घेऊन धंतोलीला आला की उतरायचा त्या घरीच. ही रीत होती आणि अजून आहे. विचारून यायची गरज नसे. काटोल, नरखेड, वरूड, कुठून कुठून माणसं येत. एकीचं बाळंतपण, एकाचं हर्निया, कुणाच्या सासऱ्याचा पाय. पेशंट दवाखान्यात आणि त्याच्यासोबतचे चौघे आमच्याकडे. ते गेले की दुसरे. डबे जायचे आणि डब्यांसोबत धुतलेल्या चादरी जायच्या. परत येताना रिकामे डबे आणि त्या चादरी यायच्या. रक्त लागलेल्या, पू लागलेल्या, औषधं सांडलेल्या, बाळाच्या दुपट्यांची बोचकी. आणणारा माणूस ते बोचकं मोरीजवळ ठेवायचा आणि हात धुऊन ओसरीवर चहाला बसायचा. त्यांच्यापैकी कुणीही वाईट माणूस नव्हता. गावी गेलं की हीच माणसं मला पोटभर जेवू घालत. पण बोचक्याचं पुढे काय होतं, हे त्यांच्यापैकी एकानेही कधी वळून पाहिलं नाही.

मागच्या अंगणात विहीर होती, शेजारी धुण्याचा काळा दगड. मामी सकाळची पोळी-भाजी आटोपून साडेनऊच्या सुमारास तिथे बसायची. चुलीवर पातेल्यात सोडा घातलेलं पाणी उकळत ठेवलेलं असायचं. दवाखान्याच्या चादरी वेगळ्या, त्या आधी उकळायच्या. कोराडीचे शर्ट वेगळे, ते तीन पाण्यांतून काढल्याशिवाय साबणाला हात लावायचा नाही, नाहीतर राख कापडात बसते. आजीचं लुगडं वेगळं. पांढरे शेवटी, निळीसाठी. मला ती पुस्तक घेऊन तिथेच बसायला लावायची. "मोठ्यानं वाच, मलेही ऐकू दे." मी अर्थशास्त्राचे धडे तिच्या धुण्याच्या मोगरीच्या ठोक्यावर पाठ केले. मध्येच ती थांबवायची. "मागणी वाढली की भाव वाढते म्हणतं तू. मग माझा काहून नाही वाढून राहिला?" मी हसायचो. तीही हसायची आणि मोगरी उचलायची. कपड्यांवरून तिला माणसं कळत. "तुझे मामा पंख्याखाली बसतो म्हणतात, अन् अर्धं कोराडी गळ्यात घालून आणतात." एकदा एक चादर उलगडून तिने बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "डॉक्टरले रिपोर्ट पाहून समजते, मले चादर पाहून. या बाईले इतक्यात सोडत नाहीत, पाहजो तू." त्या बाईला खरंच आणखी आठवडाभर ठेवून घेतलं.

बाई लावायला काय झालं होतं, असं आजचे वाचक विचारतील. भांड्याला बाई होती. मामांनी तिलाच धुणंही सांगितलं. ती मागे आली, दवाखान्याचं बोचकं तिने पायाने थोडं सरकवलं, आत पाहिलं आणि म्हणाली, "भांडे घासीन बाई, हे नाही होत माझ्याच्यानं." आणि पदर खोचून भांड्यांकडे गेली. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. ती नाही म्हणू शकली, कारण तिला संध्याकाळी आपल्या घरी जायचं होतं. मामी घरीच होती. आजी म्हणायची, आमच्या सुनेले कामाची लाज नाही. हे ती सुनेचं कौतुक म्हणून सांगायची. मामी मला एकदा म्हणाली, "बरं झालं मले पोरगी नाही झाली. तिच्याही हातात मोगरीच दिली असती या घरानं."

मी शेवटच्या वर्षाला होतो त्या हिवाळ्यात तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला नखुरडं झालं. आधी नखाची कड लाल झाली, मग सुजली. तिने भाजलेला कांदा बांधला, हळद लावली आणि धुत राहिली. पंधरा दिवसांनी बोट दुप्पट झालं आणि रात्री तिला झोप येईना. मामांना कोराडीहून सुटी नव्हती, म्हणून मी तिला धंतोलीला घेऊन गेलो. इतक्या वर्षांत त्या रस्त्याने ती पहिल्यांदाच डबा न घेता चालली होती. डॉक्टरांनी बोट चिरून पू काढला, पट्टी बांधली आणि सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. महिनाभर या हाताला पाणी लागू द्यायचं नाही. साबण आणि सोडा तर मुळीच नाही. दुखणं हाडाकडे सरकतं आहे, हयगय केलीत तर वरचं पेर काढावं लागेल. मामीने मान हलवली. परत येताना अर्ध्या रस्त्यात तिने विचारलं, "महिन्याभरात किती धुणं होते रे?"

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. नरखेडचे तात्याजीही होते, त्यांच्या बायकोचं ऑपरेशन व्हायचं होतं. तात्याजी म्हणजे मामांचे चुलतभाऊ. मामीने डाव्या हाताने सगळ्यांना वाढलं आणि मग दाराजवळ उभी राहून म्हणाली, "ऐका सगळे. महिनाभर माझ्या हाताले पाणी नाही लागलं पाहिजे. नाही तर बोट कापतील. बोट माझं आहे, धुणं तुमचं. उद्यापासून ज्याचं त्यानं धुवायचं. पाहुण्यांचं पाहुण्यांनी."

मामा हसले. "बापरे! युनियन झाली का तुमची?"

"हो, झाली. एकटीची."

आजी ताटावरून मान न उचलता म्हणाली, "आमच्या काळात बायांले बोटं नव्हती का?"

सासूला ती आत्याबाई म्हणायची. "होती ना आत्याबाई," ती म्हणाली, "धंतोली नव्हती."

दुसऱ्या दिवशी तिने चुलीतला कोळसा घेतला आणि विहिरीजवळच्या चुना लावलेल्या भिंतीवर डाव्या हाताने वार आणि नावं लिहिली. मामी चौथीपर्यंत शिकलेली. मी म्हटलं, मी लिहून देतो, माझं अक्षर चांगलं आहे. म्हणाली, "नाही. माझ्या हातचं पाहिजे." सोमवारपुढे मामा, मंगळवारपुढे विनोद, असं करत रविवारपुढे माझं नाव. खाली मोठ्या अक्षरात, "पाहुने रोज". कणीक आजीने कुरकुरत का होईना मळायला घेतली. आणि त्या घरात एक नवीनच तमाशा सुरू झाला. मामा बूट घालून धुवायला बसले, बूट भिजले. त्यांनी एका लाल पंच्यासोबत सगळे बनियान भिजवले आणि आठवडाभर गुलाबी बनियान घालून कोराडीला गेले. विनोद शर्ट न धुता उलटा करून घालायचा. तात्याजी विहिरीवर चादर आपटत होते आणि शेजारच्या भिंतीवरून दोन बाया पाहत होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "शहरात राहून वहिनी साहेब झाल्या आमच्या!" मामी खिडकीतून म्हणाली, "साहेबाले दहा बोटं असतात तात्याजी. माझं एक जाऊन राहिलं." बाया हसल्या. तात्याजींनी चादर तशीच, अर्धी साबणाची, दोरीवर टाकली.

पण धुणं होत होतं. वाईट होत होतं, कपडे पिवळट दिसत होते, पण होत होतं. जग बुडालं नव्हतं. दहाव्या दिवशी मी मामीला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, छान उतरतं आहे. आणखी वीस दिवस असंच कोरडं ठेवा, बोट वाचलं म्हणून समजा. येताना मामीने रस्त्यात थांबून मला चिवडा घेऊन दिला. त्या दहा दिवसांत दुपारी ती ओसरीवर बसू लागली होती, मांडीवर तो बांधलेला हात ठेवून, नुसती. तशी बसलेली मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

आणि मग माझ्या मुलाखतीचं पत्र आलं. बँकेतली नोकरी. वडिलांकडच्या आमच्या कुळात कुणी पगारावर काम केलेलं नव्हतं. मुलाखत सोमवारी दहा वाजता. माझ्याकडे एकच चांगला पांढरा शर्ट होता आणि रविवार माझा वार होता. सकाळी मी शर्ट धुतला आणि निळीची पूड सरळ बादलीत टाकली. नीळ फडक्यात बांधून पाण्यात फिरवायची असते, एवढं मला चार वर्षं रोज मोरीजवळ बसून माहीत नव्हतं. मी पुस्तकात पाहत होतो. शर्टावर छातीपाशी आणि बाहीवर गर्द निळे डाग उमटले. जेवढे चोळले तेवढे पसरले. मी शर्ट घेऊन मामीकडे गेलो. "मामी, हे डाग कशानं जातात तेवढं सांग."

तिने शर्ट उजेडात धरला. "सांगून नाही जात हे."

यावर, "नको मामी, तुझं बोट सांभाळ, मी विनोदचा शर्ट घालून जातो," असं मी म्हणालो, हे लिहायला मला आवडलं असतं. तेरवीच्या भाषणात मी तेही म्हणून टाकलं असतं. पण मी तसं म्हणालो नाही. मी म्हणालो, "उद्या दहाला इंटरव्यू आहे."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दातांनी पट्टीची गाठ सोडली. पाण्यात दोन लिंबं पिळली. त्या पाण्यात तिने शर्ट घातला आणि डाग धरून धरून चोळू लागली. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ आत ओढलेले होते. मी शेजारी उभा होतो. लिंबाचं पाणी उघड्या जखमेला काय करतं हे समजायला पदवी लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी डाग गेले. मग साबण, मग पाणी, मग फडक्यात बांधलेली नीळ. शर्ट दोरीवर गेला तेव्हा इतका पांढरा होता की डोळे दिपावेत. तिने पुसून पुन्हा पट्टी बांधली. म्हणाली, "एका दिवसानं काही होत नाही."

एका दिवसाने खरंच काही झालं नसतं. पण त्या संध्याकाळी मामा बाहेरून आले, मागे पाय धुवायला गेले आणि त्यांना दोरीवरचा शर्ट दिसला. तसा शर्ट त्या घरात एकच हात धुऊ शकत होता. ते खूश झाले. "अरे वा! झालं वाटते बरं!" आणि राखेचे दोन शर्ट आणून त्यांनी दगडावर ठेवले. मामी ओसरीवर होती. तिने मामांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, "नाही मामा, बरं नाही झालं. तो माझा शर्ट आहे, मी चूक केली. तुमचे शर्ट तुम्ही धुवा." मी म्हणालो असतो तर मामा दोन शब्द बोलले असते आणि विषय संपला असता. पण सकाळी मुलाखत होती. मला घरात कटकट नको होती. मी वही उघडून बसलो. मामांचे शर्ट पाहून विनोदने आपले आणून टाकले. सकाळी तात्याजींनी चादरी आणल्या. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी आवाज चढवला नाही. सगळे जण जणू काही सुटी संपल्यासारखे आपापलं ओझं ठेवून गेले. मामी उठून मोरीवर जाऊन बसली. आठवड्याभरात भिंतीवरची तिची अक्षरं साबणाच्या पाण्याने धुऊन गेली.

मला नोकरी लागली. मामीच्या बोटाचं वरचं पेर काढलं. आधी काय झालं आणि मग काय, हे मी आता मुद्दाम सांगत नाही, कारण दोन्ही एकच गोष्ट आहे. ती दोन दिवस दवाखान्यात होती. डबा मी नेत होतो. ती हात वर धरून पडलेली असायची आणि विचारायची, घरी पाहुणे कोण आलेत. घरी तिच्यासाठी ढीग साचत होता. जखम भरल्यावर ती पुन्हा दगडावर बसली. या वेळी जेवताना कुणाला काही सांगितलं नाही, भिंतीवर काही लिहिलं नाही. तिथून पुढे नातेवाईक म्हणू लागले, मामी फार सोशिक. आम्ही कापून टाकल्यावर जे शिल्लक राहिलं त्याला आम्ही सोशिकपणा म्हटलं. या शब्दाचा मला आता संताप येतो. कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाईबद्दल कुणी हा शब्द वापरला की मला विचारावंसं वाटतं, तिने नाही म्हटलं होतं तेव्हा तुम्ही कुठे बसला होता? काय वाचत होता?

काही वर्षांनंतर, माझं लग्न झाल्यावर, मी एकदा तिच्यापाशी विषय काढला. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मामी, तो इंटरव्यूचा शर्ट..." ती म्हणाली, "लागली ना नोकरी? मग कायले काढतं ते." सुपातले खडे बाजूला सारत राहिली. मला वाटलं संपलं. मग मान वर न करता म्हणाली, "शर्टाचं काही नाही रे. पण मामाले सांगायले पाहिजे होतं तू. एवढंच." मी काही बोललो नाही. तेव्हाही नाही. मला वाटतं तिने माझ्याविरुद्ध आयुष्यात केलेली ही एकच तक्रार आहे, आणि ती अगदी नेमकी आहे.

गेल्या रविवारी मी नागपूरला गेलो. मामा आता निवृत्त झाले आहेत. आजी कधीच गेली. पोरं नोकऱ्यांवर, विनोद कोराडीच्या कॉलनीत. घरात मामा एकटे. मी त्यांच्यासमोर बसलो आणि अकरा वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तो शर्ट माझा होता. तिचं बोट बरं झालेलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. मामा म्हणाले, "मले माहीत होतं." "कसं?" मी विचारलं. "पट्टी दिसून राहिली होती ना तिच्या हाताले," ते म्हणाले. "दिसली होती मले. मी म्हटलं, आता धुतलंच आहे तर..."

इतक्या वर्षांत मी स्वतःवर चिडलो, तात्याजींवर चिडलो, आजीवर चिडलो, पण त्या क्षणी मामांवर जितका चिडलो तितका कुणावर नाही. उठून निघून जाणार होतो. दाराआड खुंटीवर एक प्लास्टिकची पिशवी दिसली. दवाखान्याची. मामीला नेलं तेव्हा तिच्या अंगावर असलेलं लुगडं नर्सने त्यात घालून परत दिलं होतं. इतके आठवडे ती पिशवी तशीच तिथे होती. मी ती काढली तर मामा म्हणाले, "राहू दे गा. तिचा वास आहे त्यात."

मी उघडली. आत तापाचा वास होता, घामाचा, फिनाईलचा. "हा मामीचा वास नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "मामीले साबणाचा वास यायचा. हे असं मळकं लुगडं तिनं एक दिवस घरात ठेवलं नसतं. आठवण नाही मामा ही. धुणं आहे हे. हेही राहिलं आपल्याच्यानं."

मी ते घेऊन मागे गेलो. पाणी काढलं, लुगडं भिजवलं, साबण लावला. बसून बसून कंबर भरली. थोड्या वेळाने मामा आले. धोतर वर खोचून त्यांनी बादली भरून दिली, मग दुसरी. तीन पाण्यांतून काढलं. नऊ वार ओलं लुगडं एकट्याला उचलत नव्हतं. एक टोक मी धरलं, एक त्यांनी धरलं आणि समोरासमोर उभे राहून आम्ही पीळ घालू लागलो. तर पीळ बसेना. दोघेही एकाच बाजूला फिरवत होतो, लुगडं नुसतं गोल फिरत होतं आणि पाणी आमच्या पायांवर गळत होतं. "तू तिकडून फिरव," मामा म्हणाले. मी बाजू बदलली, तेवढ्यात त्यांनीही बदलली. पुन्हा तेच. शेवटी लुगडं हातात तसंच धरून आम्ही थांबलो. मामांनी त्या दगडाकडे पाहिलं, विहिरीकडे, मग माझ्याकडे.

"ती तर एकटीच पिळत होती," ते म्हणाले. "कशी पिळत होती गा?"

ते मलाही माहीत नव्हतं.